काखेत कळसा, लीड्सला वळसा

"अगं, टेप घेतलीस का?"

शनिवार, सकाळचे साडेनऊ. लीड्समधल्या माझ्या मावसभावाच्या फ्लॅटचं दार. बाहेर ऑक्टोबरचा बारीक, चिकट पाऊस. माझ्या पर्समध्ये पासपोर्ट, लिपबाम आणि वहिनीची शिवणाची टेप. दादाच्या काखेत पुठ्ठ्याची एक चौकट. मी यॉर्कशर बघायला आले होते. हॉवर्थचं ब्राँटे भगिनींचं घर, यॉर्क मिन्स्टर, झालंच तर फिश अँड चिप्स, असा साधा सरळ प्लॅन होता. पण पहिला अख्खा दिवस गेला तो प्लास्टिकचे डबे शोधण्यात. तेही सापांसाठी!

दचकू नका. दादाकडे तीन रॉयल पायथन आहेत. अमेरिकेत यालाच बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरला की हा गडी फणाबिणा काढत नाही, स्वतःचाच चेंडू करून डोकं आत लपवतो. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. बिनविषारी आणि कमालीचा लाजाळू. वहिनीने त्यांची नावं ठेवलीत लाडू, चकली आणि कडबोळं. वेटोळी बघितलीत तर पटेल!

ब्रिटनमध्ये हा साप पाळायला लायसन्स लागत नाही. आपल्याकडे मात्र हा फंडा चालत नाही, हे आधीच सांगून टाकते. आपले नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. परदेशी जातींसाठीही २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम आले आहेत, सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तेव्हा हौस असेल तर रविवारी कात्रजचं सर्पोद्यान गाठा. घरी आणू नका.

तर, डब्यांची भानगड काय?

बरेच साप पाळणारे लोक 'रॅक' वापरतात. आपल्या ऑफिसातल्या ड्रॉवरच्या कपाटासारखी चीज. फळ्यांमध्ये प्लास्टिकचे टब सरकवायचे. मागच्या बाजूने हीटिंगची पट्टी, तिला थर्मोस्टॅट. टबची एक बाजू एकतीस-बत्तीस अंश, दुसरी पंचविसाच्या आसपास, म्हणजे सापाने आपली आपण जागा निवडायची. हवेसाठी कडेला भोकं. आणि गंमत म्हणजे टबला झाकण नाही! वरची फळी हेच झाकण. त्यामुळे सगळा खेळ मापाचा. टब घट्ट बसला तर ओढताना हिसका बसतो, साप बिथरतो. सैल बसला तर...

"तर लाडू फ्रिजमागे सापडतो," वहिनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. पातळ प्लास्टिकचा एक स्वस्त टब मधोमध फाकला. वर बोटभर फट पडली आणि रात्रीत लाडू गायब! सापाचं डोकं जिथून जातं, तिथून बाकीचा सापही जातो. तिसऱ्या दिवशी तो फ्रिजच्या गरम मोटारीला चिकटून बसलेला सापडला. ते तीन दिवस वहिनी मैत्रिणीकडे राहिली. परत आली ती अट घालूनच. आता पुन्हा एकदा असं झालं, तर एकतर साप राहतील किंवा मी.

म्हणून दादाने डॉन्कास्टरच्या रेप्टाइल शोमधून एक जुना, भक्कम लाकडी रॅक उचलला. ट्रेनने लीड्सहून अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, आणि भाव एकदम सॉलिड. फक्त त्यात टब नव्हते. विकणाऱ्याने ते केव्हाच दुसऱ्या कुणाला देऊन टाकले होते!

आमची वरात निघाली. पहिला स्टॉप सुपरमार्केट. टबांची अख्खी भिंत, पण सगळे वर रुंद आणि खाली निमुळते. दादाने रॅकच्या एका खणाच्या मापाची ती पुठ्ठ्याची चौकट बनवली होती, ती प्रत्येक टबवर चढवून बघायची. एक टब काठाला बसला, पण तळाला दोन्हीकडे चार-चार बोटं जागा वाया. सापाला तळच लागतो ना! दुसरा स्टॉप हायवेजवळचं फर्निचरचं महादुकान. तिथे एक टब जवळपास परफेक्ट निघाला. दादाने काठ अंगठ्याने दाबला. काठ वाकला. टब परत शेल्फवर.

"कशासाठी हवाय?" तिथल्या मुलीने विचारलं.

"स्वेटर ठेवायला," दादा शांतपणे म्हणाला.

दुपारी आम्ही कर्कगेट मार्केटला पोचलो. लीड्सला गेलात तर हे चुकवू नका. लोखंड आणि काचेचं जुनं छप्पर, खाली मासळी, कापड, बटणं, मसाले, सगळं एकाच श्वासात. आपली मंडई आठवलीच. १८८४ साली मायकेल मार्क्स नावाच्या माणसाने याच बाजारात 'सगळं एका पेनीला' असा ठेला टाकला, आणि त्यातूनच पुढे मार्क्स अँड स्पेन्सर उभं राहिलं. म्हणजे 'हर माल' हे आपलंच पेटंट नाही!

बाहेरच्या ओट्यांवर एका म्हाताऱ्या काकांचा बादल्या-डब्यांचा ठेला होता. दादाने चौकट काढली आणि स्वेटरची टेप सुरू केली. काकांनी त्याला मधेच थांबवलं.

"सापाचा रॅक ना, लव्ह?" यॉर्कशरमध्ये बरेचजण सरसकट सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात. काकांचा नातू कॉर्न स्नेक पाळतो म्हणे. त्यांनी चौकट हातात घेऊन उलटसुलट बघितली. "लेबलवरचं माप झाकणासकट असतं. तू झाकण वापरणार नाहीस. मग लेबल कशाला वाचतोस? झाकण काढ आणि मोज."

इंजिनिअर दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो चार आठवडे लेबलं वाचत होता.

काका पुढे म्हणाले, "तुला हवाय तेहतीस लिटरचा, नॉर्मंटनवाल्यांचा." रिअली यूजफुल बॉक्स. कंपनी इथलीच, यॉर्कशरमधल्या नॉर्मंटनची. ७१० बाय ४४० बाय १६५ मिलिमीटर. ताठ भिंती, जाड काठ, इथल्या साप पाळणाऱ्यांचा जुना आवडता. "माझ्याकडे आज नाही. पण कुणाच्याही पलंगाखाली बघ, एखादा असतोच."

बसमध्ये दादा गप्प होता. मग एकदम म्हणाला, "पलंगाखाली..."

घरी पोचलो तो बुटांसकट बेडरूममध्ये. पलंगाखाली तीन टब. तेहतीस लिटर. आत वहिनीच्या पैठण्या, कांजीवरम, लग्नातला शालू. आम्ही अर्धं लीड्स पालथं घातलं आणि कळसा काखेत!

वहिनीने काही न बोलता एक टब रिकामा केला, झाकण बाजूला ठेवलं. दादाने तो खणात सरकवला. आवाजसुद्धा नाही. वरच्या फटीतून व्हिजिटिंग कार्ड गेलं, करंगळीचं टोक गेलं नाही. दादाने मला टाळी दिली. स्टोरी संपली, असं मला वाटलं.

"थांबा," वहिनी म्हणाली. "टेप दे गं."

तिने टबच्या तळाचा कर्ण मोजला. ऐंशी सेंटिमीटरलाही कमीच. मग लाडूला, हो, स्वतःच्या हाताने, कार्पेटवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी टेप धरली. एकशे वीस.

"रॅकच्या मापाचा आहे. सापाच्या मापाचा कुठाय?"

दादाने बाजू मांडली. हे साप जंगलातसुद्धा उंदरांच्या बिळांत, वारुळांत दडून असतात. मोठ्या उघड्या काचपेटीत बावरतात, खाणं सोडतात. तेही खरंच आहे. पण साप बिळात शिरतो तो आपल्या मर्जीने आणि बाहेर पडतो तोही आपल्याच मर्जीने. सापाला निदान पूर्ण लांब होता आलं पाहिजे, असं प्राणीकल्याणवाले हल्ली ठामपणे सांगतात. ब्रिटनमध्ये रॅकवाले विरुद्ध विव्हेरियमवाले हा वाद चांगलाच पेटलेला असतो. दादाच्या हॉलमध्ये तो त्या संध्याकाळी मराठीत झाला.

"नीट सांभाळला तर हा पंचवीस वर्षं जगेल," वहिनी म्हणाली. "आपल्या होमलोनइतका. तेवढी वर्षं त्याने पाय दुमडून झोपायचं?"

"त्याला पाय नाहीत," दादा म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

मला पुण्यातली माझी पहिली पीजी आठवली. एका खोलीत तीन कॉट, कॉटखाली बॅग, बॅगेत सगळा संसार. मी तिथे दोन वर्षं व्यवस्थित जगले, कामही केलं. 'ठीक चाललंय' असंच घरी सांगायचे. पण कधीतरी दार उघडून जाता येईल, हे मला माहीत होतं.

तह असा झाला. चकली आणि कडबोळं अजून लहान आहेत, साठ-पासष्ट सेंटिमीटरची. त्यांना दोन टब, आत लपायला खोकी, पाण्याचं भांडं. तीही वाढली की रॅक बंद. लाडूला चार फुटी लाकडी विव्हेरियम, पुढे सरकती काच, कुलपासकट. दादाच्या नव्या गेमिंग कन्सोलचं बजेट त्यात गेलं.

परवा दादाने फोटो पाठवला. काचेला लागून लाडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पसरलाय. लाडू कसला, चांगली शेव झालीय त्याची! खाली वहिनीचा मेसेज होता. तिच्या पैठण्या अजून सुटकेसमध्येच आहेत, आणि येत्या शनिवारी दादा पुन्हा टेप घेऊन निघणार आहे.