आवाज बंद ठेवून पाहिलेल्या लढाया

आम्ही मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बाईमाणूस, त्यात उर्दू शाळेतली, त्यात मराठीत लिहिणारी. तेव्हा वाचकांनी आमच्याकडून मुलींची तालीम, हुंडा, मातृभाषेचा प्रश्न अशा विषयांची अपेक्षा धरली तर त्यात त्यांची चूक नाही. ते विषय आहेत, आणि कुठे पळून जात नाहीत. यंदा मात्र आम्हाला अंतराळातल्या लढायांवर लिहायचे आहे. सिनेमातल्या आणि मालिकांतल्या. तो शौक आम्हाला लहानपणापासून आहे आणि तो अब्बांमुळे लागला.

अब्बा पॉवरलूमवर कारागीर होते. तीस वर्षे खटखटीत काढल्यावर कान जातातच, हे आमच्या मोहल्ल्यात कोणी आजार म्हणून सांगत नाही. केस पिकतात तसे कान जातात. कारखान्यात सगळे जण ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात, मग घरी आल्यावरही तसेच बोलतात. आम्हाला कळू लागले तेव्हा अब्बांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हते आणि उजव्या कानात ओरडावे लागे. हिंदी सिनेमाचा त्यांना कंटाळा येई. तिथे माणसे फार बोलतात. अंतराळातल्या लढाया मात्र ते मांडी ठोकून बघत.

बघताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "अपनेवाले कौनसे?"

एवढे एकदा कळले की पुढे ते काही विचारत नसत. कळले नाही तर दहा मिनिटांत उठून बिडी ओढायला बाहेर जात. पुढे आम्ही अशा कितीतरी लढाया पाहिल्या, त्यांवरचे लेखही वाचले; पण चांगली लढाई कोणती हे ठरवायला याहून वेगळे माप आम्हाला सापडले नाही. आवाज बंद करा. आता कोण कुठे आहे, कोणाला काय हवे आहे, कोण कचाट्यात सापडला आहे, हे नुसते बघून कळते का?

पहिली लढाई आम्ही खरोखरच आवाज बंद करून पाहिली. 2001 च्या ऑक्टोबरात गावात दंगल झाली, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. लूम थांबले. ज्या गावात रात्री दोन वाजताही खटखट चालू असते तिथे कबुतरांचे पंख ऐकू येऊ लागले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. मामूंकडून आणलेल्या 'स्टार वॉर्स'च्या दोन सीडी तेवढ्या घरात होत्या; परत द्यायला जाणे शक्य नव्हते. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून अम्मीने टीव्ही मुका करायला लावला. त्या दिवसांत आम्ही तो सिनेमा किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. सगळे घर पहिल्यांदाच अब्बांसारखे सिनेमा बघत होते.

1977 चा हा सिनेमा. शेवटची लढाई अशी : शत्रूचे चंद्राएवढे लोखंडी ठाणे, त्याच्या पृष्ठभागावर एक लांब खंदक, खंदकाच्या टोकाला दोन मीटर रुंदीचे भोक. त्या भोकात अचूक मारा केला तर सगळे ठाणे उडते. बंडखोरांच्या विमानांनी खंदकात शिरून उडत जायचे, मागून शत्रूची विमाने. आणि वेळ थोडा, कारण ते ठाणे ग्रहाला वळसा घालून यांच्या तळावर नेम धरण्याच्या बेतात आहे.

यातली खुबी लढाई सुरू होण्याआधीच आहे. वैमानिकांना एका खोलीत बसवून पडद्यावर रेषांनी काढलेला खंदक दाखवतात. लॅरी क्युबा या कलावंताने तो त्या काळच्या संगणकावर तयार केला होता. पुढे बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण काढायला लावले – प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन – तेव्हा आम्हाला ती खोली आठवली. मुलांना आधी नकाशा द्या, मग धावू द्या. नंतर धुरळा कितीही उडाला तरी बघणारा हरवत नाही. शिवाय बंडखोरांच्या विमानांचे पंख फुलीसारखे, शत्रूच्या विमानांना दोन बाजूंना सपाट तावदाने. यांच्या गोळ्या लाल, त्यांच्या हिरव्या. अपनेवाले कौनसे हे विचारावेच लागत नाही.

फार पुढे कळले की ही लढाई आकाशातली असली तरी तिचे मूळ जमिनीवर आहे. जॉर्ज लुकासने युद्धपटांतली विमानांच्या झटापटींची दृश्ये जोडून आपल्या तंत्रज्ञांना नमुना म्हणून दाखवली होती. जर्मनीतली धरणे फोडण्याच्या 1943 च्या ब्रिटिश मोहिमेवरचा 'द डॅम बस्टर्स' (1955) पाहिला की खंदकातल्या त्या उड्डाणाची जातकुळी ध्यानात येते. आणि त्या चित्रपटाच्या ट्रिक छायाचित्रणात असलेला गिल्बर्ट टेलर हाच 'स्टार वॉर्स'चाही छायालेखक. छोटी विमाने जागच्या जागी ठेवून कॅमेराच संगणकाच्या हुकमाने त्यांच्याभोवती फिरवायचा, ही जॉन डायक्स्ट्राच्या चमूची करामत. शत्रूच्या विमानाची किंकाळी ध्वनिकार बेन बर्टने हत्तीचे ओरडणे आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज मिसळून बनवली होती. तो हत्ती आम्ही संचारबंदी उठल्यावर ऐकला. अब्बांनी ऐकलाच नाही.

दुसरी लढाई 'स्टार ट्रेक'मधली. केबलवाल्याने एका जुमेरातीला रात्री 'द रॅथ ऑफ खान' (1982) लावला. दुसऱ्या दिवशी जुम्म्याची सुटी, म्हणून जागायला परवानगी. इंग्रजी आम्हाला येत नव्हते, अब्बांना ऐकू येत नव्हते, आणि दुभाष्याचे काम आमच्याकडे! आम्ही बेधडक कहाणी रचून त्यांच्या उजव्या कानात सांगितली. 'खान' एवढा एक शब्द मात्र बरोबर कळला होता, कारण नायक तो बोंबलूनच उच्चारतो.

"उसका नाम खान है, अब्बा."

"अच्छा? तो फिर वही अपनेवाला."

झाली पंचाईत. खान खलनायक. आम्ही घाईघाईने सांगितले की हे दोघे लहानपणी बिछडलेले भाऊ आहेत, म्हणून दोघेही आपलेच. अब्बांनी मान डोलावली. ज्याने मनमोहन देसाई पाहिला आहे त्याला यात अशक्य काही वाटत नाही. खरी गोष्ट पुढे वाचली : या पात्राचे पूर्ण नाव खान नूनियन सिंग. 1967 च्या मालिकेत तो उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख असावा असे म्हटले जाते, आणि भूमिका करणारा रिकार्डो मोंतल्बान मेक्सिकोचा! आमच्या वर्गात हजेरीला पाच खान आहेत. अजूनही ते नाव पुकारताना आम्हाला हसू आवरावे लागते.

पण लढाई काय सुंदर. दोन जखमी जहाजे एका तेजोमेघात शिरतात. तिथे यंत्रांना दिसत नाही, ढाली चालत नाहीत. विमानांची चपळाई इथे नाही. पाणबुड्यांसारखी दबकत, अंधारात एकमेकांना हुंगत ती फिरतात. मग स्पॉकच्या ध्यानात येते की खान हुशार आहे खरा, पण त्याचा विचार दोनच मितींत चालतो : पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे. कर्क आपले जहाज खाली उतरवतो, खानला पुढे जाऊ देतो, आणि त्याच्या पाठीमागून वर येतो. बस्स, एवढीच युक्ती. सबंध सिनेमात हे दोन वैरी समोरासमोर येत नाहीत. बोलतात ते पडद्यावरूनच. भूमितीच्या तासाला आम्ही तिसरी मिती शिकवतो तेव्हा डस्टर आणि खडूचा डबा घेऊन ही लढाई करून दाखवतो. मुले भूमिती विसरतात, लढाई विसरत नाहीत.

शेवटी स्पॉक काचेपलीकडे मरतो. या बाजूला मित्र, काचेवर दोन बाजूंनी दोन पंजे. तिथे अब्बांनी आम्हाला हाताने गप्प केले. दुभाष्याची गरज नव्हती. आम्ही तरीही सांगितले की पुढच्या सिनेमात तो बरा होतो. थाप होती. 1984 च्या पुढच्या भागात तो खरेच जिवंत होतो हे कळले तेव्हा आम्ही कॉलेजात होतो.

या सिनेमांच्या भाषेत अब्बांच्या धंद्यातले दोन शब्द आहेत. प्रकाशाहून वेगाने जायच्या युक्तीला ते 'वार्प' म्हणतात, आणि छोट्या होडीवजा यानाला 'शटल'. वार्पिंग म्हणजे बीमवर ताण्याचा धागा चढवणे, आणि शटल म्हणजे तर आपला धोटा. अब्बांना हे सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून विचारले, "वहाँ मजुरी क्या देते?"

सगळ्याच लढाया काही या मापात बसल्या नाहीत. 'रिव्हेंज ऑफ द सिथ' (2005) ची सुरुवातीची लढाई संगणकाने भरजरी केली आहे. पडदाभर जहाजेच जहाजे. अब्बा दहा मिनिटांच्या आत बिडी ओढायला गेले. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (1983) मध्ये जंगल, सिंहासनाची खोली आणि आकाश अशा तीन ठिकाणी एकदम झुंज चालते. ती त्यांना आवडली. एकाच वेळी अनेक लूम सांभाळणाऱ्या माणसाला तीन म्हणजे काय! 'बॅबिलॉन 5' मालिकेतली लढाऊ याने पुढच्या दिशेने वाहत असतानाच जागच्या जागी गर्रकन वळून मागे गोळी झाडतात. न्यूटनचा पहिला नियम इतका चोख आम्हाला दुसरीकडे क्वचितच दिसला. उर्दूत त्या गुणाला 'जमूद' म्हणतात, मराठीत जडत्व. वर्गात यापुढे बोललो तर अभ्यासक्रम राहून जाईल, म्हणून आवरते घेतो.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा '33' हा भाग (2004) आम्ही नोकरीला लागल्यावर, लॅपटॉपवर, अब्बांना शेजारी बसवून पाहिला. माणसांची उरलीसुरली जहाजे पळत आहेत. दर 33 मिनिटांनी शत्रू येतो, दर वेळी निसटायचे, पुन्हा 33 मिनिटे. पाच दिवस कोणाला झोप नाही. लढाई फार थोडी दिसते. दिसतात ते चेहरे. अब्बा पुढे वाकून बघत होते. "रातपाळी," ते म्हणाले. ते डोळे त्यांच्या ओळखीचे होते.

मग एक प्रवासी जहाज मागे राहते आणि उशिराने परत येते. त्यावर 1345 माणसे. शत्रू त्याच्यामार्फतच माग काढत असावा असा संशय, आणि त्यावर अणुबॉम्ब असल्याची खूण. दोन वैमानिकांना ते पाडायचा हुकूम होतो. त्यांतला एक जवळून उडत खिडक्यांत डोकावतो. खिडक्या रिकाम्या दिसतात. ते गोळ्या झाडतात.

या वेळी अब्बांनी तो प्रश्न विचारला नाही. मागे घ्यायला सांगितले, पुन्हा पाहिले.

"खिडकी में कोई था?"

आम्ही म्हटले, नव्हते, म्हणूनच तर पाडले.

"पाच दिन के जागे हुए," अब्बा म्हणाले, "खिडकी में खडे रहेंगे क्या? पडे होंगे कहीं."

त्या भागाला 2005 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. शेवटी राष्ट्राध्यक्षबाई फळ्यावरच्या उरलेल्या माणसांच्या आकड्यात एक मिळवतात, कारण एक मूल जन्मले आहे. आम्ही उत्साहाने ते सांगू लागलो. अब्बा तोवर उठून गेले होते.

आता आवाजाचे. उर्दूत निर्वात पोकळीला 'ख़ला' म्हणतात आणि अंतराळालाही 'ख़ला'च. त्यामुळे आमच्या मुलांना मराठी मुलांपेक्षा एक पायरी कमी चढावी लागते : ख़ला में आवाज़ सफ़र नहीं करती, बात ख़त्म. (मागच्या बाकांवर 'खाला'चा विनोद दर वर्षी नव्याने होतो.) शाळेत काचेची हंडी आहे, हवा काढायचा पंप नाही, म्हणून आम्ही खंदकाची ती लढाई आधी मुकी दाखवतो आणि मग आवाजासह. खरी कोणती, असे विचारतो. सगळे आवाजवालीला हात वर करतात. अब्बांनी मुकीला केला असता असे आमच्या मनात येते, पण मुलांना ते सांगत नाही.

2017 च्या डिसेंबरात अब्बांना कान तपासायला नाशिकला नेले. त्यांना काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवले. आवाज आला की बटण दाबायचे. आम्ही काचेबाहेर. किती तरी वेळ त्यांचा अंगठा हलला नाही. नस गेली आहे, यंत्राचा उपयोग बेताचाच, असे डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून त्यांना 'द लास्ट जेडाय'ला घेऊन गेलो. तिथे एक सेनानी बाई आपली माणसे निसटावीत म्हणून जहाजावर एकटी मागे राहते, जहाज वळवते आणि प्रकाशाच्या वेगाने शत्रूच्या महाजहाजातून आरपार जाते. त्या क्षणी दिग्दर्शक रायन जॉन्सनने सगळा आवाज काढून घेतला आहे. दहाएक सेकंद. अमेरिकेत तर एका चित्रपटगृहाला बाहेर पाटी लावावी लागली, की बिघाड नाही, सिनेमाच तसा आहे.

सगळे थिएटर चिडीचूप. लोकांनी श्वास रोखलेले. अब्बांना आवाज गेल्याचे कसे कळणार? त्यांना फक्त शेजारच्यांचे उघडे राहिलेले तोंड दिसले, आणि कारखान्यात बोलतात तितक्या मोठ्याने त्यांनी विचारले, "क्या हुआ?"

पुढच्या तीन रांगा मागे वळल्या. कोणी तरी हसले. आणि आम्ही अब्बांच्या तोंडावर हात ठेवला.

त्यांनी हात बाजूला केला नाही. सिनेमा संपेपर्यंत मग ते काही बोलले नाहीत. चांदवड गेले तेव्हा बसमध्ये आम्ही त्यांच्या उजव्या कानापाशी वाकून सगळे समजावले : आवाज मुद्दाम बंद केला होता, दहा सेकंद, म्हणून लोक तसे बसले होते. माफी मागायची होती. ती ओरडून मागता येत नाही, आणि हळू मागितली तर त्यांना ऐकू जात नाही.

"दस सेकंद?" अब्बा म्हणाले. "दस सेकंद में इतना घबराये?"

मग काचेला डोके टेकून त्यांनी विचारले, ती बाई वाचली का. आम्ही नाही म्हणून हात हलवला.