बॅटरीची जागा

मैत्रिणींनो, मोटारीच्या बॅटरीवर चार ओळी लिहायची वेळ माझ्यावर येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लोणच्याची बरणी कुठं ठेवावी, गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला किती घालावा, हा आपला प्रांत. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकाच वेळी दोन जागा बदलायची वेळ आली. एक मोटारीतल्या बॅटरीची आणि दुसरी सासूबाईंची. या दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या, की एकीची हकिगत सांगायची तर दुसरीची सांगावीच लागते.

आमची गाडी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड, १९६६ सालची, दोन दारांची. मद्रासच्या कारखान्यात ही गाडी १९६१ पासून तयार होऊ लागली. मूळ विलायती ट्रायम्फ हेरल्ड, आणि तिचा घाट मिकेलोत्ती नावाच्या एका इटालियन कारागिराचा. हिच्याच सांगाड्यावरून पुढं १९६२ साली विलायतेत स्पिटफायर नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार निघाली. तेवढ्या नात्यावर आमचे हे आमच्या गाडीलाही 'स्पोर्ट्स कार' म्हणतात! मामेबहीण सिनेमात गेली म्हणून आपण नटी होत नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलंय.

मामंजींनी ही गाडी जुनीच विकत घेतली होती, १९७१ मध्ये. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं. मामंजी कोर्टात वकील. गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ते गेल्यावर गाडी बरीच वर्षं मागच्या पडवीत ताडपत्रीखाली झोपून होती. ह्यांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिला उठवलं. सासूबाई रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झालं, की एक नजर गाडीकडं टाकत. बोलत काही नसत.

गेल्या मे महिन्यात सासूबाईंनी कारंज्याला गुरुमंदिरात जायचं मनात आणलं. ऐंशी उलटलेल्या बाईचं मन कोण मोडणार? पहाटे निघून ऊन व्हायच्या आत परतायचं ठरलं. सासूबाई सवयीनं मागं बसल्या. पुढची जागा तिथल्या मोठ्या माणसाची, आपली मागची, हे त्यांच्या लग्नापासून ठरलेलं. पूर्वी त्यांच्या सासूबाई पुढं बसत. मी म्हटलं, "आई, पुढं बसा, गुडघे वाकवावे लागणार नाहीत." पण ऐकलं नाही.

दर्शन छान झालं. निघायला मात्र उशीर झाला. परतताना मंगरूळपीरला उसाचा रस घ्यायला थांबलो तेव्हा बाराचा सुमार होता. पारा त्रेचाळीसच्या वर असावा. रस पिऊन सगळे गाडीत बसलो, ह्यांनी सेल्फ मारला. नुसतं 'कट्' वाजलं. पुन्हा मारला. पुन्हा 'कट्'. हे उतरले, बॉनेट उघडलं, वायर हलवून पाहिली. दहा-बारा मिनिटं त्यातच गेली. मी मागं वळून पाहिलं तर सासूबाईंची मान एका बाजूला कललेली.

बायांनो, तो क्षण अजून आठवला की हातपाय गार पडतात. दोन दारांची गाडी. मागच्या माणसाला बाहेर काढायचं तर पुढची सीट दुमडावी लागते. रसवाल्याच्या बायकोनं आणि मी त्यांना कसंबसं बाहेर काढलं, निंबाच्या सावलीत आडवं केलं, लुगडं सैल केलं, ओल्या फडक्यानं मान, काखा, पाय पुसत राहिलो, पदरानं वारा घातला. शुद्ध नीट आल्यावरच मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. चार पोरांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. वाशीमला थेट डॉक्टरांकडंच गेलो. ते म्हणाले, "थोडक्यात निभावलं. या वयात दुपारची झळ नको. प्रवासात नको आणि चुलीपुढंही नको."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बॅटरीचं काम करणाऱ्या मिस्त्रींना घरी बोलावलं. हेरल्डचं बॉनेट मोठं गमतीचं, मडगार्डांसकट सबंध तोंडच पुढं कलंडतं. आत इंजिनाच्या पाठीशी, अगदी जवळ, बॅटरी. मिस्त्री म्हणाले, "विलायतच्या थंडीत ही जागा चांगली. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात इथं भट्टी होते." बॅटरीला थंडी मानवत नाही हे मी ऐकून होते, पण तिचं आयुष्य खरं खातो तो उकाडा. कायमचा दहा अंशांनी ताप वाढला तर आयुष्य जवळजवळ अर्धं होतं, असा ठोकताळा आहे. आतलं पाणी उडतं, शिशाच्या पट्ट्या लवकर झिजतात. त्यात आमची गाडी आठवड्यातून एकदा निघणार. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि मग ती पुरती भरतच नाही. भरलेली बॅटरी शांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आमची बाराच्या खाली होती.

ठरलं असं, की बॅटरी मागं डिकीत न्यायची आणि जरा मोठी घ्यायची. यात नवल काही नाही. विलायतेतल्या १९५९ च्या मिनी गाडीत बॅटरी जन्मापासूनच डिकीत होती, आणि एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये १९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागं असत.

हे बोलणं झोपाळ्यावर बसलेल्या सासूबाईंच्या कानावर गेलं. त्याच सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, "आई, आता स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही. तुम्ही बाहेर पडवीत बसा." तेव्हापासून त्या गप्पच होत्या. एकदम म्हणाल्या, "जुनं झालं का मांगं टाकाचं, असंच ना? आज बॅटरी डिकीत, उद्या म्हातारी पडवीत!"

कोणी काही बोलेना. हे खाली पाहायला लागले. मिस्त्रीच हात पुसत म्हणाले, "आजी, जुनी झाली म्हणून नाही नेत मांगं. इंजिनाची झळ लागते म्हणून नेतो. गाडी त तिच्याच जोरावर निघनार हाय."

सासूबाई उठून आत गेल्या.

मिस्त्रींनी जागा दाखवायला डिकी उघडली आणि माझं लक्ष गेलं. पेट्रोलची टाकी तिथंच, एका बाजूला! मी म्हटलं, "भाऊ, गॅसच्या सिलिंडरशेजारी मी काडेपेटीसुद्धा ठेवत नाही. इथं तुम्ही पेट्रोलजवळ ठिणगीचं घर बांधता?" मिस्त्री थांबले. "वहिनी, बरोबर बोलल्या," म्हणाले. मग काम सावकाश आणि नीट ठरलं. बॅटरी टाकीच्या समोरच्या कडेला. साध्या बॅटरीऐवजी बंद, एजीएम जातीची. तिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत मुरलेलं असतं, सांडत नाही. तरी ती झाकणाच्या पेटीत ठेवायची, पट्ट्यानं सांगाड्याला घट्ट आवळायची, दोन्ही टोकांवर रबरी टोप्या घालायच्या आणि वायूसाठी पेटीतून एक नळी गाडीखाली सोडायची. कारण जास्त चार्ज झाली तर बंद बॅटरीही हायड्रोजन सोडते, आणि तो वायू ठिणगीनं पेटतो.

अंतर वाढलं की वायरही जाड हवी. सेल्फला क्षणभर शे-दोनशे अँपिअर वीज लागते. बारीक वायर लांबवर नेली तर अर्धा जोर वाटेतच मरतो. आम्ही ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली. तिची टोकं नुसती पिळली नाहीत, दाबून लग बसवले. बॅटरीपाशीच एक मोठा फ्यूज टाकला. ही वायर सबंध गाडीभर जाते, कुठं पत्र्यावर घासून उघडी पडली तर फ्यूजशिवाय तिला अडवणारं कोणी नाही. जिथं वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट. परतीची वीज सांगाड्यातून येते, म्हणून रंग खरवडून लोखंड स्वच्छ करून अर्थची पट्टी आवळली आणि इंजिनालाही तशीच एक पट्टी दिली. जुना डायनामो काढून आल्टरनेटर बसवला. डायनामो गाडी उभी असताना फारसं चार्ज करत नाही, आल्टरनेटर करतो. मात्र त्याआधी एक गोष्ट पाहावी लागते. त्या काळच्या कितीतरी इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक सांगाड्याला जोडलेलं असे. आल्टरनेटरला सहसा मायनस लागतं. आमच्या गाडीत तो बदल आधीच कोणीतरी केलेला निघाला.

ह्यांची अट एकच होती, की मामंजींच्या गाडीला नवीन भोक पाडायचं नाही. त्यामुळे कारखान्यानंच ठेवलेल्या, बूच लावलेल्या भोकांतून वायर आणि नळी नेली. जुनी बॅटरीची बैठक पुढं आहे तशीच ठेवली. उद्या कोणाला सगळं पूर्ववत करावंसं वाटलं तर एका दुपारचं काम.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठली हेरल्ड! पण इन्व्हर्टर तर घरोघरी आहे ना? मग मिस्त्रींकडून शिकलेल्या या गोष्टी लक्षात ठेवा. साध्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावं, नळाचं किंवा विहिरीचं नको, त्यातले क्षार पट्ट्यांना बाधतात. पाणी खुणेपर्यंतच, आणि शक्यतो चार्ज झाल्यावर. बॅटरीपाशी जाताना बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्या, मंगळसूत्र पदरात नीट खोचावं. धातूची बांगडी दोन टोकांना टेकली तर ती क्षणात लालबुंद होते. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली तर जोडणी सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसावं, कोरडं करावं आणि जोडून झाल्यावर व्हॅसलीन लावावं. गाडीत सांगाड्याकडचं टोक आधी काढावं आणि शेवटी लावावं. आम्ल डोळ्यात उडालं तर सोडाबिडा काही न घालता निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवावा आणि तडक डॉक्टर गाठावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यातलं शिसं विषारी असतं. दुकानदारानं ती परत घ्यावी असे नियम २००१ पासूनच झाले होते, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी त्या परतीची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवरही टाकली आहे.

पण सासूबाईंचं काय? मिस्त्री गेले त्या रात्री मला झोप येईना. मी त्यांना "पडवीत बसा" म्हटलं होतं, पण तिथं करायचं काय हे सांगितलंच नव्हतं. जागा बदलली, पण वायर जोडायची राहिली होती! सकाळी मी पडवीत कूलरच्या वाऱ्यावर त्यांचा पाट मांडला. विळी, भाजीची टोपली, मसाल्याचा डबा तिथं नेला, आणि म्हटलं, "आई, आज वांग्याच्या भाजीला मसाला किती घालू? तुमच्या हातानं काढून द्या. मला अजून तो अंदाज येत नाही." खोटं नव्हतं ते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तरी ती चव माझ्या हाताला आलेली नाही.

त्या बराच वेळ वांगी निवडत राहिल्या. मग वाटीत मसाला काढता काढता हळूच म्हणाल्या, "झळ त मलेही लागते अवं. पन सांगाव कोनाले?"

तेव्हापासून आमचा स्वयंपाक पडवीतून चालतो. चूल माझ्याकडं, हुकूम त्यांच्याकडं. मीठ कमी पडलं तर आतपर्यंत आवाज येतो.

कार्तिकात, ऊन निवल्यावर, पुन्हा कारंज्याला निघालो. गाडीचं दार उघडून मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तू बस मांगं. माह्ये गुडघे दुखतात." आणि पदर सावरून, आयुष्यात पहिल्यांदा, त्या मामंजींच्या गाडीत पुढं बसल्या. मंगरूळपीरला त्याच रसवाल्याकडं थांबलो. त्याच्या बायकोला लुगडं दिलं. परत बसल्यावर ह्यांनी सेल्फ मारला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मी मागं बसले होते, पाठीशी डिकीतली बॅटरी. मागून रस्ता फारसा दिसत नाही, पण सासूबाईंची ताठ मान मात्र छान दिसत होती.