‘काय गं, सीक्रेट काय तुझं?’

ऑफिसच्या पँट्रीत हा प्रश्न मला दिवसातून एकदा तरी यायचा. आणि माझं उत्तर पाठ होतं. ‘काही नाही गं! साखर बंद, मैदा बंद, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप आणि रोज पाऊण तास चालणं. बस्स!’ समोरची म्हणायची, ‘काय विलपॉवर आहे यार तुझी!’ आणि मी लाजून हसायचे.

यातलं एकही वाक्य तसं खोटं नव्हतं. फक्त एक वाक्य मी गाळत होते. माझं तीन चतुर्थांश जठर डॉक्टरांनी काढून टाकलं होतं.

थोडं मागे जाते. डोंबिवली ते ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, हा माझा रोजचा प्रवास. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी बसते, हा लोकलचा अलिखित कायदा. मला ती चौथी सीट कधीच मिळाली नाही. मी पुढे झाले की तिघी एकमेकींकडे बघायच्या. कुणी काही बोलायचं नाही, पण कुणी सरकायचंही नाही. मग मी स्वतःच म्हणायला लागले, ‘नको, मी उभीच बरी.’ उंची पाच फूट दोन इंच, वजन ११२ किलो. बीएमआय ४५. वय वर्षं एकतीस.

प्रयत्न केले नाहीत असं समजू नका. जीएम डाएट झालं, कीटो झालं, सकाळी दुधीचा रस झाला. दोन जिमची वर्षाची फी भरून झाली. एकदा चक्क ११ किलो उतरवले, आठ महिन्यांत १४ परत आले. व्याजासकट! प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच निघायचा: माझाच तोंडावर ताबा नाही.

वजन एकदम उतरलं की शरीर त्याला संकट समजतं, भूक वाढवतं आणि ऊर्जा खर्च करण्यात काटकसर करतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं ते झोपेच्या तपासणीनंतर. मीटिंगमध्ये डुलक्या यायला लागल्या म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर रात्री तासाला चाळीसेक वेळा माझा श्वास अडत होता. स्लीप ॲप्निया. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘याचा विलपॉवरशी संबंध नाही. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. बेरिॲट्रिक सर्जरीचा विचार करा.’

घरी सांगितलं तर आईने हातातली कणीक तशीच ठेवली. ‘चांगलं धडधाकट पोट कापून घेणार? दोन पोळ्या कमी खा की!’ बाबा म्हणाले, ‘अगं, २०११ मध्ये नितीन गडकरींनी केलंच ना हे ऑपरेशन!’ आई म्हणाली, ‘त्यांना स्थळं बघायची नव्हती.’ यावर बाबा गप्प झाले. शेवटी तोडगा निघाला. ऑपरेशन करायचं, पण लोकांना सांगायचं हर्नियाचं. ऑफिसात हर्निया, सोसायटीत हर्निया, सख्ख्या आत्यालासुद्धा हर्निया.

२०२२ च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. आधी दोन आठवडे जवळजवळ सगळं द्रवच, कारण यकृताचा आकार कमी झाला की सर्जनला काम करायला जागा मिळते. पुष्कळांना वाटतं, यात चरबी काढतात. तसं नाही, ते लायपोसक्शन. माझं झालं ते स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटावर पाच छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीतून जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते केळ्यासारखी एक बारीक पिशवी. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि काढून टाकतात त्यात नेमका तोच भाग असतो. म्हणजे पोट लहान होतं आणि भुकेचा आवाजही बारीक होतो.

‘शॉर्टकट’ म्हणणाऱ्यांनी तो पहिला महिना एकदा बघावा. त्याच संध्याकाळी मला चालवलं, पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या इवल्याशा कपातून घोट घोट पाणी. तीस मिलिलिटर प्यायला पंधरा मिनिटं. मग नारळपाणी, वरणाचं गाळलेलं पाणी, ताक. तिसऱ्या आठवड्यात आईने मुगाच्या डाळीचं खिमट मिक्सरमधून काढून दिलं. चार चमचे खाल्ले आणि पाचव्याला असं वाटलं, की छातीत कुणी वीट ठेवली आहे. आई वाटी हातात घेऊन तशीच बसून राहिली. जिने आयुष्यभर ‘अजून अर्धी घे’ म्हणून प्रेम केलं, तिच्याकडे आता म्हणायला काही उरलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघी रडलो, वेगवेगळ्या खोल्यांत.

मग वजन उतरायला लागलं. पहिल्या सहा महिन्यांत २६ किलो. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, ते पुढे परत आले. प्रोटीन मोजून खायचं, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. व्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी, ही जन्मभराची. वर्षाने काटा ७४ वर आला. रात्रीचा श्वास अडायचा थांबला. आणि एका सकाळी ठाण्याला एका काकूंनी पाय आक्रसून म्हटलं, ‘ये गं, बस.’ चौथी सीट! जेमतेम टेकण्यापुरती जागा, पण माझे डोळे भरून आले.

कौतुकही तेव्हाच सुरू झालं. आई शेजारणींना सांगायची, ‘फार मेहनत घेतली हो पोरीनं.’ ऑफिसच्या वेलनेस वीकमध्ये मी पाच मिनिटं बोललेसुद्धा. ज्या विलपॉवरच्या नावाने मी पंधरा वर्षं शिव्या खाल्ल्या, तिच्याच नावाने आता टाळ्या मिळत होत्या. खरं सांगू? मजा येत होती.

आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी आली होती. चोवीस-पंचवीसची, हुशार आणि माझ्यासारखीच जाड. फोटोत कायम मागच्या रांगेत. तिने एकदा माझं ‘डाएट’ नीट लिहून घेतलं. मी सांगितलं! सकाळी काय, दुपारी किती, रात्री किती. माझ्या पिशवीएवढ्या पोटाला पुरणारं जेवण मी एका धडधाकट पोटाच्या मुलीला लिहून दिलं.

पाच आठवड्यांनी, २०२३ च्या जूनमध्ये, ती ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. कपाळाला तीन टाके पडले. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती मलाच सॉरी म्हणाली. ‘ताई, तुम्हाला जमलं. मला रात्री इतकी भूक लागते, की मी रडते. परवा उठून बिस्किटांचा अख्खा पुडा खाल्ला. माझ्यातच काहीतरी कमी आहे.’

हे वाक्य माझंच होतं. पंधरा वर्षं मी तेच म्हणत आले होते. मला तेव्हा भूक लागत नव्हती, कारण ती जिथे जागते तो भागच माझ्यात उरला नव्हता, आणि ही पोरगी माझ्याशी बरोबरी करत उपाशी झोपत होती. मी दार लावलं, कुर्ता वर केला आणि तिला पोटावरचे पाच व्रण दाखवले.

तिने ते बघितले. मला वाटलं होतं, ती गळ्यात पडेल. ती म्हणाली, ‘मग हे आधी का नाही सांगितलंत?’ आणि तोंड फिरवलं. दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं बरोबरच होतं. पुढे ती स्वतःच एका डॉक्टरांकडे गेली. काय उपचार घेतले ते मी विचारलं नाही. तो तिचा प्रश्न आणि तिचं पोट.

ही सर्जरी सगळ्यांनी करावी असं मी म्हणत नाही. त्यात धोके आहेत. टाक्यांच्या रेषेतून गळती होऊ शकते, ॲसिडिटी वाढू शकते, भरभर वजन उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात. वजन परतही येतं. माझंच आज ७९ आहे. २०२५ पासून भारतात वजन कमी करणारी नवी इंजेक्शनंही आली आहेत आणि लोक तीसुद्धा लपूनछपून घेताना दिसतात. उत्तर तेच, ‘काही नाही गं, चालते रोज.’

माझं उत्तर मात्र बदललंय. आता कुणी सीक्रेट विचारलं, की मी डबा उघडता उघडता सांगते, ‘ऑपरेशन केलं. जठर काढलं तीन चतुर्थांश.’ पँट्रीत क्षणभर शांतता पसरते. ‘अच्छा...’ म्हणून विषय बदलतो. विलपॉवरचं कौतुक आता कुणी करत नाही, आणि आधी आधी ते थोडं लागायचं, खोटं कशाला बोलू?

पण संध्याकाळी ट्रेनमध्ये कधीकधी फोनवर एक मेसेज येतो. त्याच टेबलावरून गप्प बसून उठलेल्या कुणाचा तरी. ‘दुपारी तू म्हणालीस ते... तुझ्याशी जरा बोलायचं होतं. फोन करू का?’

मी लिहिते, ‘कर ना. सीट मिळाली आहे.’