प्रत्येक देशाचे एक नाणे

परदेशाहून परतणारा मनुष्य उरलेल्या नोटा विमानतळावरील पेढीत बदलून घेतो. नाणी मात्र त्याच्याजवळच राहतात, कारण चलन बदलून देणाऱ्या पेढ्या सहसा ती घेत नाहीत. मग ती घरच्या एखाद्या डब्यात किंवा कपाटाच्या खणात जाऊन पडतात. ज्या घरातील कोणी जहाजावर नोकरीस आहे, कोणी मस्कतला किंवा दुबईला कामास गेलेले आहे, त्या घरी असा डबा हमखास सापडावयाचा. तो मुलांच्या हाती लागला की प्रश्न सुरू होतात. हे कोठले? यावर कोणाचे चित्र? आणि एखाद्या पावसाळी दुपारी कोणीतरी ठरविते की, जगातील प्रत्येक देशाचे एक तरी नाणे आपल्यापाशी असावे.

हा संकल्प जितका सोपा दिसतो तितका तो नाही. पैशाच्या दृष्टीने तो फारसा जड नाही, कारण रोजच्या व्यवहारातील साधी नाणी बहुधा स्वस्तात मिळतात. अडचण येते ती निराळीच. वही घेऊन देशांची नावे लिहावयास बसावे, तो पहिल्याच पानावर प्रश्न उभा राहतो की देश कशास म्हणावयाचे? संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद १९३ आहेत. त्यांखेरीज व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन यांना निरीक्षक राष्ट्राचा दर्जा असून पॅलेस्टाइनला तो २०१२ साली मिळाला. म्हणजे वहीत १९५ घरे आखावी लागतील. आता ही घरे भरू लागा.

युरोपात १ जानेवारी २००२ पासून बारा देशांत युरोची नाणी चालू झाली. पुढे त्यांत इतर देशांची भर पडत गेली; २०२३ साली क्रोएशिया आला व १ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरिया. येथे काम सोपे आहे. नाण्याची एक बाजू सर्वांची सारखी, दुसरी ज्या त्या देशाची. आयर्लंडच्या नाण्यावर वीणेसारखे तंतुवाद्य, इटलीच्या दोन युरोवर कवी दान्ते, स्पेनच्या काही नाण्यांवर सेर्व्हान्तेस. पॅरिसच्या दुकानात मिळालेल्या मोडीत रोमचे व माद्रिदचे नाणे एकत्र येते आणि चार घरे एका दिवसात भरतात.

आफ्रिकेत उतरलो की हा सोपेपणा संपतो. सेनेगल, माली, नायजर, टोगो, बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट आणि गिनी-बिसाऊ या आठ देशांचा एकच फ्रँक चालतो आणि त्याच्या नाण्यावर यांपैकी एकाही देशाचे नाव नसते. त्यावर असतो करवती माशाचा आकार, जो पूर्वी त्या भागात सोने तोलण्याच्या वजनांना दिला जाई. एक नाणे आणि आठ घरे! मालीपुरती एक वाट आहे. त्या देशाने १९६२ ते १९८४ या काळात आपला स्वतंत्र फ्रँक चालविला होता. त्या वेळची, १९६१ साल असलेली अॅल्युमिनियमची हलकी नाणी शोधली तर मालीचे घर भरते. इतर घरांपैकी काहींचे काय करावयाचे, हे ज्याचे त्यानेच ठरवावे.

पॅसिफिक महासागरातील पलाऊ व मार्शल बेटे यांचा व्यवहार अमेरिकन डॉलरवर चालतो. या देशांच्या नावाने रंगीत, चकचकीत नाणी विकत मिळतात खरी. परंतु ती संग्राहकांसाठीच पाडलेली. कोणत्याही बाजारात त्यांनी कधी भाजी घेतलेली नाही. माझे मत विचाराल तर अशा नाण्याने घर भरण्यापेक्षा तेथे अमेरिकेचे पाव डॉलरचे झिजलेले नाणे ठेवावे व खाली तसे लिहावे. ज्या नाण्याने त्या भूमीवरील माणसांनी मीठ-मिरची घेतली, ते त्या देशाचे नाणे. हा नियम एकदा मान्य केला की पुष्कळ गाठी सुटतात आणि काही नव्या पडतात.

त्यांतील सर्वांत मौजेची गाठ पाहावयाची तर मुंबईच्या फोर्ट विभागात यावे. टाउन हॉलच्या पायऱ्या उतरून शहीद भगतसिंग मार्गाने चालू लागले की जवळच मुंबईची टांकसाळ लागते. ती १८२९ सालची. समोर रिझर्व्ह बँकेची उंच इमारत आहे. तिच्या सावलीत ही जुनी वास्तू काहीशी मागे सरल्यासारखी भासते. जाणारे-येणारे तिच्याकडे क्वचितच मान वळवितात. आपल्या हातातील रुपयावर सालाखाली लहानशी चौकट, पत्त्यांतील चौकटीसारखी, दिसली तर तो येथे पाडलेला आहे असे समजावे. हैदराबादच्या टांकसाळीची खूण तारा, नॉयडाची टिंब. कोलकात्याची खूण म्हणजे कोणतीच खूण नसणे.

परंतु या टांकसाळीने केवळ आपलेच रुपये पाडले असे नव्हे. १८९५ सालापासून येथे चांदीचा ‘व्यापारी डॉलर’ पाडला जात असे. एका बाजूस हाती त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूस चिनी व मलायी लेख. तो मुंबईत जन्मला आणि हाँगकाँगच्या व सिंगापूरच्या बाजारांत वापरला गेला. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या वर्षी, इंग्लंडच्या राजाची सोन्याची गिन्नीही येथे पाडण्यात आली. तिची ओळख सालाजवळच्या इंग्रजी ‘आय’ या बारीक अक्षराने पटते.

आणि सर्वांत नवल वाटावे ते मारिया थेरेसाच्या थेलरचे. ऑस्ट्रियाची ही सम्राज्ञी १७८० साली वारली. तिचा मुखवटा असलेला चांदीचा थेलर तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, इथिओपियात व येमेनमध्ये, लोकांच्या इतका विश्वासाचा झाला होता की दुसरे नाणे ते घेईनात. म्हणून राणीच्या मृत्यूनंतरही १७८० हेच साल घालून तो पाडला जात राहिला. १९३५ च्या सुमारास इथिओपियावर चढाई करणाऱ्या इटलीने त्याचे ठसे मिळविले व रोममध्ये थेलर पाडू लागली. पुढच्याच वर्षी लंडनने आपले ठसे तयार केले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४० व १९४१ साली हेच काम मुंबईच्या टांकसाळीकडे आले. विचार करा, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या व्हिएन्नाच्या राणीचे नाणे मुंबईत पाडले जाते आणि आदिसअबाबाच्या व्यापाऱ्याच्या थैलीत जाऊन पडते. मग ते कोणत्या घरात ठेवावयाचे? नाण्यावरील नाव ऑस्ट्रियाचे, कारागिराचा हात मुंबईचा, खर्च करणारा हात इथिओपियाचा. मी ते इथिओपियाच्या घरात ठेवीन. मीठ-मिरचीचा नियम तेच सांगतो. तुम्ही निराळे ठरविलेत तरी हरकत नाही. मात्र का ठरविले ते चिठीवर लिहून ठेवावे.

याच नियमाने आपला रुपयाही परदेशांची घरे भरू लागतो. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार काढला. त्यापूर्वी तेथील बाजारात भारतीय रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा छापल्या. १९६६ साली आपल्या रुपयाचे मूल्य उतरविण्यात आले, तेव्हा दुबई व कतार यांनी तो सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकून होता. पूर्व आफ्रिकेतील इंग्रजी मुलखातही १९२० पर्यंत रुपया हेच चलन होते. आजही मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका, नेपाळ व पाकिस्तान यांच्या नाण्यांचे नाव रुपयाच आहे. मॉरिशसच्या नाण्यांवर १९८७ पासून सर शिवसागर रामगुलाम यांची मुद्रा असते. ज्या बेटावर मराठी कुळेही पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत, तेथील हे नाणे आपल्या मुलांनी अवश्य मिळवावे.

यानंतर नाहीशा झालेल्या देशांकडे वळू. सोव्हिएट संघ १९९१ साली विसर्जित झाला. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया हीही नावे नकाशावरून गेली. त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी काही पाने राखून ठेवावीत. आपल्या घरची उदाहरणेही थोडी नाहीत. गोव्यात पोर्तुगिजांनी १९५८ साली रुपिया बंद करून एस्कुदो सुरू केला. त्याची तीन व सहा एस्कुदोंची, साठ व तीस सेंताव्होंची अशी चमत्कारिक वाटणारी नाणी निघाली, कारण जुन्या एका रुपियाचे सहा एस्कुदो धरले होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. या नाण्यांना जेमतेम तीन वर्षांचे आयुष्य लाभले. ती मी पोर्तुगालच्या घरात ठेवणार नाही. भारताच्या पानावर, म्हापशाच्या व मडगावच्या बाजारांच्या नावाने ठेवीन. कच्छ संस्थानची कोरी तर अवश्य पाहावी. इंग्लंडचा आठवा एडवर्ड १९३६ साली वर्षभरही गादीवर नव्हता. त्याच्या नावाचे नाणे ब्रिटिश हिंदुस्थानात निघालेच नाही, पण कच्छच्या कोरीवर त्याचे नाव आहे. त्याच कच्छने स्वातंत्र्याच्या वेळी ‘जय हिंद’ ही अक्षरे असलेली कोरीही काढली.

नाणे ओळखणे हीदेखील एक विद्याच आहे, आणि भाषांतराचे काम करणाऱ्यास ती विशेष गोड लागते. कारण नाण्यावर देश स्वतःस स्वतःच्या नावाने संबोधतो. ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘श्चिपरी’ म्हणजे आल्बेनिया, ‘हर्वात्स्का’ म्हणजे क्रोएशिया. ‘हेल्वेशिया’ वाचून गोंधळू नये, ते स्वित्झर्लंड. तेथील दहा रॅपेनचे नाणे तर १८७९ पासून त्याच रूपात चालले आहे. जपानच्या पाच येनच्या नाण्यास मध्ये भोक असते, आपल्या १९४३ च्या भोकाच्या पैशासारखे. त्यावर भाताची लोंबी आहे, पण परिचयाचा एकही अंक नाही. आणि नेपाळचे नाणे हाती आले की मराठी शाळेतील मूल ते कोणास न विचारता वाचते. तेवढ्यासाठी संग्रहाचा आरंभ नेपाळपासून करावा.

काही घरे फार दिवस रिकामी राहतात. बेलारूस १९९१ साली स्वतंत्र झाला, पण रोजच्या वापराची नाणी त्याने काढली २०१६ साली. व्हिएतनामने २००३ साली काढलेली नाणी लोकांनी आपलीशी केली नाहीत, आणि २०११ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले. पॅलेस्टाइनचे घर हा सर्वांत अवघड प्रश्न. तेथील लोकांच्या हाती आज इस्राएलचे व जॉर्डनचे चलन आहे. परंतु इंग्रजी अमलात १९२७ पासून निघालेली, इंग्रजी, अरबी व हिब्रू या तीनही लिप्यांत ‘पॅलेस्टाइन’ असे लिहिलेली नाणी आहेत. त्यांतील काहींना मध्ये भोक आहे. तीनही लिप्या एकाच धातूवर शेजारी-शेजारी कोरलेल्या दिसतात, तेव्हा हात क्षणभर थांबतो.

आता थोडे व्यवहाराचे. नाणे चिंच, राख किंवा पितळ घासण्याची पूड लावून कधीही चकचकीत करू नये. काळा पडलेला पृष्ठभाग हे नाण्याचे कवचच असते. ते गेले की किंमतही जाते आणि वयही. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या काही वर्षांनी चिकट होऊन नाणे हिरवे पाडतात; त्यापेक्षा साधी कागदी पाकिटे बरी. नाणे कडेने धरावे. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना १९७२ चा पुरावस्तूंसंबंधीचा कायदा लागू होतो व ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी पत्रमित्राशी अदलाबदल करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. तीर्थक्षेत्री किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी ‘शिवराई’ म्हणून जे विकावयास येते, ते जाणत्यास दाखविल्यावाचून घेऊ नये. आणि प्रत्येक पाकिटात एक चिठी असावी: नाणे कोणी आणले, कोठून, कोणत्या साली. ‘मामांनी मोंबासाहून आणले’ ही ओळ कोणत्याही सूचिपत्रात सापडणार नाही.

माझ्या यादीत तुवालूपुढे अद्याप खूण नाही. पॅसिफिकमधील या देशाची वस्ती दहा-अकरा हजार. सर्वांत उंच जमीन समुद्राच्या पातळीहून जेमतेम साडेचार-पाच मीटर. समुद्र चढतो आहे, आणि तेथील लोकांना ऑस्ट्रेलियात वसण्याची वाट मोकळी करणारा करार २०२३ साली झाला. तेथे ऑस्ट्रेलियाचा डॉलर चालतो, पण १९७६ पासून देशाची स्वतःची नाणीही निघाली आहेत. वीस सेंटवर उडता मासा, पन्नासवर अष्टपाद, डॉलरवर कासव. आपल्या ओळखीचे कोणी त्या बाजूच्या जहाजावर असेल, तर त्याला डॉलर नव्हे, वीस सेंटचे आणावयास सांगावे.