आडनाव न विचारणारा देश आणि त्याच्या दोन लिफ्ट

ब्राझीलमधल्या पहिल्या आठवड्यात आम्हाला एकाही माणसाने आडनाव विचारले नाही. तिकडच्या कोणाला ही गोष्ट सांगितली तर तो हसेल. महाराष्ट्रात वाढलेल्या बौद्ध माणसाला मात्र तिचे मोल लगेच कळेल. आपल्याकडे भाड्याची खोली पाहायला जा, नव्या नोकरीवर रुजू व्हा किंवा एसटीत शेजारच्याशी दोन शब्द बोला, ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न येतोच. आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘गाव कोणतं?’ आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ‘म्हणजे तुम्ही कोण?’ ब्राझीलमध्ये माणूस पहिल्या नावाने ओळखला जातो. देशाचे राष्ट्राध्यक्षसुद्धा ‘लुला’ या टोपणनावाने ओळखले जातात, आणि ‘सिल्वा’ हे त्यांचे आडनाव तिथे इतके पसरलेले आहे की त्यावरून कोणाचे घराणे कळत नाही.

आम्ही दोघे एकाच वस्तीत वाढलेले, एकाच चळवळीत काम करणारे. २०२४ च्या नोव्हेंबरात साठवलेल्या पैशांतून पंचवीस दिवस ब्राझीलला गेलो. साओ पावलोत एक मित्र संशोधनासाठी राहतो, त्यामुळे मुक्कामाची सोय होती. तिथून रिओ आणि मग साल्वादोर असा प्रवास झाला. परत आल्यापासून कार्यकर्ते विचारतात, ‘काय पाहिलं?’ फोटो सगळ्यांना दाखवून झाले. पण आम्ही जे पाहिले ते फोटोत मावणारे नव्हते, म्हणून हा लेख.

आधी चांगले सांगू, कारण ते खरे आहे. हा देश पहिल्या भेटीतच माणसाला आपलेसे करतो. रिओत कोणी ओळख करून दिली की समोरची व्यक्ती दोन्ही गालांना गाल लावते, साओ पावलोत बहुधा एकदाच. ज्यांच्या आजोबांना हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळत होता, त्यांना अनोळखी माणसाने असे जवळ घेणे ही साधी गोष्ट नाही. दुपारी आम्ही किलोच्या हिशेबाने जेवण देणाऱ्या खानावळीत जायचो. ताट हातात घ्यायचे, हवे ते वाढून घ्यायचे आणि काट्यावर ठेवायचे; जेवढे वजन तेवढे पैसे. त्या एकाच रांगेत बँकेचा अधिकारी आणि रंगकाम करणारा मजूर मागेपुढे उभे असलेले आम्ही पाहिले. ताटात भात आणि घेवड्याची उसळ रोजची. त्यावर भुरभुरायला ‘फारोफा’, म्हणजे कसावा कंदाचे भाजलेले पीठ. आपला साबुदाणा याच कंदापासून बनतो आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. एकादशीला आपल्याकडे घराघरांत जे ‘पवित्र’ म्हणून खाल्ले जाते, ते तिथल्या आदिवासींनी पिकवायला सुरुवात केलेले अन्न आहे!

या आपुलकीच्या जोडीला एक वाक्य सारखे कानावर यायचे. कॅफेत, बसमध्ये, मित्राच्या परिचितांकडे, सगळीकडे. ‘आमच्याकडे वर्णभेद नाही. आमच्याकडे गरीब-श्रीमंत आहे, पण रंग कोणी बघत नाही. आम्ही सगळे मिश्र रक्ताचे.’ समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही याची पोथी वाचली होती. जिल्बेर्तो फ्रेरे यांचा १९३३ चा गाजलेला ग्रंथ आणि त्याच्या आधाराने फोफावलेली ‘वांशिक लोकशाही’ची कल्पना: पोर्तुगीज, आफ्रिकी आणि आदिवासी यांचे मिश्रण झाले, म्हणून ब्राझीलमध्ये भेद उरला नाही. ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहायचो. ‘आता कुठे राहिलीय जात?’ हे वाक्य आम्ही महाराष्ट्रात ज्या लोकांकडून ऐकतो, त्याच थरातल्या लोकांकडून तिथे हे ऐकत होतो. खाली बसलेला माणूस ते कधी म्हणाला नाही.

आता लिफ्टकडे येऊ. साओ पावलोत आम्ही राहिलो ती मध्यमवर्गाची सोळा मजली इमारत होती. तिला दोन लिफ्ट. एकीला ‘सोशल’ म्हणतात, दुसरीला ‘सर्व्हिस’. सोशल लिफ्टला आरसा आणि चकचकीत दरवाजा. सर्व्हिस लिफ्ट मागच्या बाजूला, थेट स्वयंपाकघराच्या दाराशी उघडणारी. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने आम्हाला मागच्या लिफ्टकडे हात केला. आमच्याकडे बॅगा होत्या आणि सामानासाठी तीच लिफ्ट असते, त्यामुळे काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मोकळ्या हातांनी आलो, तरी हात तिकडेच. तिसऱ्या दिवशी लिफ्टपाशी एका बाईंनी विचारले, कोणत्या फ्लॅटमध्ये कामाला आला आहात? आम्ही इंग्रजीत उत्तर दिले. त्यांचा चेहराच बदलला. भारत, योग, ताजमहाल असे चार शब्द बोलून त्यांनी स्वतः सोशल लिफ्टचे बटण दाबून दिले.

मित्रहो, त्या अर्ध्या मिनिटात आमची कातडी तीच होती. बदलली ती फक्त भाषा. तोंड उघडेपर्यंत आम्ही त्यांच्या लेखी तिथलेच सावळे मजूर होतो. तोंड उघडताच पाहुणे झालो. परदेशी प्रवाशाला मिळणारे हे कवच आमच्याकडे होते. तिथल्या सावळ्या मुलाकडे ते नाही. तो कितीही वेळा तोंड उघडो, त्याच्या तोंडून पोर्तुगीजच येणार. त्या देशात आडनाव का विचारत नाहीत, हे आम्हाला तिथे कळले. आडनाव विचारण्याआधीच त्वचेने उत्तर दिलेले असते.

गंमत म्हणजे त्याच लिफ्टच्या शेजारी एक पाटी होती: वंश, रंग, सामाजिक स्थिती यांवरून लिफ्ट वापरण्यात भेदभाव केल्यास दंड होईल. साओ पावलो शहराने १९९६ मध्ये तसा कायदाच केला आहे. जिथे भेद नाही तिथे ही पाटी कशाला लागते?

याचे उत्तर इतिहासात आहे. गुलामांच्या व्यापारात सुमारे पन्नास लाख आफ्रिकी माणसे ब्राझीलमध्ये आणली गेली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत थेट आणलेल्यांच्या दहापटीहून अधिक. संपूर्ण अमेरिका खंडात गुलामगिरी सर्वांत शेवटी संपवणारा देश ब्राझील, तारीख १३ मे १८८८. राजकन्या इझाबेलने कायद्यावर सही केली. कायदा दोन कलमांचा. त्यात मुक्त झालेल्या माणसाला जमीन नाही, शाळा नाही, भरपाई नाही. दोन वर्षांनी अर्थमंत्री रुय बार्बोझा यांनी गुलामगिरीची सरकारी दप्तरे जाळण्याचा आदेश काढला. मालकांनी भरपाई मागू नये हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. पण त्या ज्वाळांत गुलामांच्या वंशजांचा कागदी पुरावाही गेला. निरक्षरांचा मताधिकार तर १८८१ मध्येच काढून घेतला होता. तो परत मिळायला १९८५ उजाडले. हे वर्ष नीट वाचा. शाळा नाकारलेल्यांना ‘वाचता येत नाही’ म्हणून शंभर वर्षे मतपेटीपासून दूर ठेवले गेले.

इथे आम्हाला बाबासाहेबांची थोरवी नव्याने कळली. जयंतीच्या भाषणात आपण सहज म्हणून जातो की बाबासाहेबांनी मताधिकार दिला. साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये साक्ष दिल्यापासून त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी झगडा केला आणि १९५० च्या संविधानात अंगठा उठवणाऱ्या आपल्या आज्याचे मत जमीनदाराच्या मताइतकेच मोजले गेले. ब्राझीलच्या निरक्षर मजुराला त्यासाठी आणखी पस्तीस वर्षे थांबावे लागले.

साल्वादोरला गेलो तेव्हा दुसरी बाजू दिसली. जुन्या शहराच्या चौकाचे नाव ‘पेलोरीन्यो’. या शब्दाचा अर्थ फटके मारण्याचा खांब. जिथे माणसांच्या पाठी सोलल्या, तिथे आता रंगीत घरे आहेत, पर्यटक आहेत, ढोल आहेत. १९९० च्या दशकात हा भाग नटवताना तिथल्या गरीब रहिवाशांना बाहेर काढले गेले. नाच-गाणे राहिले, नाचणाऱ्यांचे घर गेले. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पोशाखातल्या कृष्णवर्णीय बाया ‘आकाराजे’ तळतात. तो चवळीचा वडा आहे, पामच्या लालसर तेलात तळलेला. गुलामगिरीच्या काळापासून हा धंदा बायांच्या हातात आहे आणि २००५ मध्ये सरकारने तो राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवला. ज्या ‘कापोएरा’ला १८९० च्या दंडसंहितेने गुन्हा ठरवले होते, तो आज देशाचा अभिमान आहे. आपल्या डफ-हलगीचे आणि तमाशाचे काय झाले ते आठवा. कला हवी, कलावंत वस्तीतच बरा!

आम्ही साल्वादोरमध्ये होतो तेव्हा २० नोव्हेंबर आला. त्या वर्षी ही तारीख पहिल्यांदाच देशभर सुटीची होती. १६९५ मध्ये याच दिवशी झुंबी मारला गेला. पळालेल्या गुलामांनी उभारलेल्या पाल्मारेस या स्वतंत्र वसाहतीचा तो शेवटचा मोठा नेता. कृष्णवर्णीय चळवळीने १९७१ पासून हा दिवस पाळायला सुरुवात केली आणि १३ मेचा उत्सव नाकारला. त्यांचे म्हणणे सरळ आहे: राजकन्येच्या सहीने आम्ही माणूस झालो नाही, आम्ही आधीपासून लढत होतो. भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे १ जानेवारीला उभे राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दानात मिळालेली मुक्ती आणि लढून घेतलेली मुक्ती यांतला फरक २० मार्च १९२७ ला महाडने आपल्याला शिकवला आहे.

तिथल्या कार्यकर्त्यांकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे मोजणीचे राजकारण. १९७६ च्या सरकारी पाहणीत लोकांना आपला रंग स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगितले, तर शंभराहून अधिक उत्तरे आली. गव्हाळ, दालचिनीसारखा, उन्हाने रापलेला; ‘काळा’ हा शब्द टाळता आला तर टाळायचा. १९९१ च्या जनगणनेआधी कृष्णवर्णीय संघटनांनी मोहीम काढली की आपला रंग लपवू नका. २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला ‘पार्दो’ म्हणजे मिश्रवर्णी, १०.२ टक्क्यांनी काळे आणि ४३.५ टक्क्यांनी गोरे म्हणून नोंदवले. पहिले दोन आकडे चळवळ एकत्र मोजते. मग ‘अल्पसंख्य’ कोण, हा प्रश्न उलटा फिरतो. आपल्याकडेही धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहायला कचरणारे, आडनाव बदलून घेणारे आपलेच लोक आहेत. त्यांच्यावर चिडण्याआधी त्यांना लपावे का लागते ते विचारू आणि जनगणनेचा माणूस दारात येण्याआधी वस्तीत पोहोचू.

या मोजणीच्या जोरावरच २०१२ मध्ये तिथे कोट्याचा कायदा झाला. केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांना, आणि त्यात त्या त्या राज्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीय, मिश्रवर्णी व आदिवासी यांना. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वांशिक कोटा एकमताने वैध ठरवला. विरोधकांची ओरड कोणती होती? गुणवत्ता बुडेल, समाज फुटेल. भाषा पोर्तुगीज, सूर आपल्या ओळखीचा. खोट्या दाव्यांना आळा घालायला तिथे समित्या बसतात आणि उमेदवाराचा चेहरा बघतात. आपल्याकडे जात पडताळणी समिती आजोबांचा दाखला बघते. वंश चेहऱ्यावर असतो, जात कागदावर आणि डोक्यात असते. दोन्हीकडे रांगेत उभे राहायचे ते गरिबाच्या पोराने.

म्हणून आम्ही ‘जात म्हणजेच वंश’ असे म्हणणार नाही. ब्राझीलच्या गुलामगिरीला चर्चचा आशीर्वाद होता, पण मुक्त माणसाच्या सावलीचा विटाळ मानणारे शास्त्र तिथे नव्हते. तिथे राज्यकर्त्यांनी दप्तरे जाळून इतिहास पुसला; इथे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळून इतिहास घडवला. दुखणी वेगळी आहेत. पण वरच्या माणसाने दुखणे नाकारण्याची रीत एकच आहे.

शेवटी कामवाल्या बायांबद्दल. आमच्यापैकी एकाच्या आईने पंचवीस वर्षे पुण्यात धुणी-भांडी केली. म्हणून साओ पावलोच्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागची खिडकी नसलेली खोली पाहिली आणि ती कोणासाठी बांधली आहे हे आम्हाला कोणी सांगावे लागले नाही. आर्किटेक्टने नकाशातच विषमता आखून ठेवली होती. पण या बायांची संघटनाही जुनी आहे. लावदेलिना दे कांपोस मेलो या कृष्णवर्णीय मोलकरणीने १९३६ मध्ये सांतोस शहरात घरकामगारांची पहिली संघटना उभारली. २०१३ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि त्यांना आठवड्याला ४४ तासांची मर्यादा आणि जादा कामाचा मोबदला यांचा हक्क मिळाला. अंमलबजावणी अपुरी आहे, नोंदणीविना राबणाऱ्या बाया अजून पुष्कळ आहेत. तरी हक्क घटनेत लिहिला गेला. आपल्याकडे घरकामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा अजून नाही.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही ‘कामवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये’ अशा पाट्या आहेत. त्या सोसायट्यांत आता आपलेही काही लोक राहायला गेले आहेत, सभेत बसतात, वर्गणी देतात. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे: तुमच्या इमारतीत तुमच्या आईच्या वयाची बाई कोणत्या लिफ्टने वर येते? पुढच्या सभेत हा विषय लिहून द्या, ठराव मागा आणि विरोध करणाऱ्यांची नावे इतिवृत्तात नोंदवायला लावा. ‘आमच्याकडे भेद नाही’ म्हणणाऱ्यांना त्यावर मत द्यावेच लागेल.

जय भीम!