कायम या शब्दाखालची जमीन

गेल्या आषाढात आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे संमतिपत्र घरी आले. फणसवाडीतल्या आणि आसपासच्या कित्येक चाळींतून असे कागद यापूर्वीच फिरून गेले आहेत. आमची पाळी उशिरा आली, इतकेच. भाषा शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना कागद हाती आला की आशयाआधी शब्द दिसतात. 'कायमस्वरूपी पर्यायी जागा' हा शब्दप्रयोग त्या चार पानांत आम्ही सात वेळा मोजला. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा 'संक्रमण शिबिर' हा दुसरा शब्दप्रयोग होता. कायम होण्यासाठी आधी उठावे लागते, हा त्याचा सरळ अर्थ. आत्या या घरात 73 वर्षे राहते आहे. तिने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला, त्याची घडी घातली आणि विचारले, "मग आत्ता आहोत ते काय तात्पुरते?"

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. ती हल्ली एडमंटनला असते. त्याआधी दोन वर्षे कॅनडाच्या वायव्येला, आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे, इनुविक नावाच्या गावात शाळेत शिकवत होती. संमतिपत्राची हकीकत ऐकून ती म्हणाली, "कायम या शब्दावरचा माझा विश्वास तिकडेच उडाला. तिथल्या जमिनीचं नावच 'कायमची गोठलेली' असं आहे, आणि तीच वितळते आहे." तिला अभिप्रेत होता तो शब्द पर्माफ्रॉस्ट. आम्ही त्याची व्याख्या शोधली. सलग किमान दोन वर्षे जिचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, अशी कोणतीही जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. नाव 'कायम'चे आणि अट दोन वर्षांची! व्याख्येत बर्फाचाही उल्लेख नाही. माती, वाळू, कातळ काहीही चालते, अट फक्त थंडीची. या भूमीच्या वर एक पातळ थर असतो; तो दर उन्हाळ्यात वितळतो आणि दर हिवाळ्यात गोठतो. तिथली झाडेझुडपे, शेवाळ, पायवाटा असे सगळे जगणे त्या थरात चालते.

आर्क्टिक हा प्रदेश मराठी वाचकाला परका नाही. लोकमान्य टिळकांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ 1903 साली प्रसिद्ध झाला आणि उत्तर ध्रुव आमच्या सांस्कृतिक कल्पनेत कायमचा येऊन बसला. वेदांतल्या दीर्घ उषा, महिनोन्‌महिने चालणारी रात्र, क्षितिजाभोवती फिरणारा प्रकाश यांवरून टिळकांनी आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असल्याचा सिद्धान्त मांडला. विद्वानांनी तो पुढे स्वीकारला नाही. तरी त्या ग्रंथातला युक्तिवाद उलगडत नेण्याचा डौल आजही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असा आहे. टिळकांचे निधन 1 ऑगस्ट 1920 रोजी सरदारगृहात झाले आणि गिरगाव चौपाटीवर त्यांना अग्नी दिला गेला. त्यांचा पुतळा आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टिळकांनी भूगर्भशास्त्राचाही आधार घेतला. परंतु तो हिमयुग केव्हा संपले या काळगणनेसाठी. त्यांचा आर्क्टिक मुख्यतः आकाशाचा आहे. आम्हीही तो तसाच वाचला. ज्याला मूळचे घर म्हटले, त्या घराखालची जमीन कशी असते, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता.

तो भाचीच्या फोनमुळे आला. इनुविक हे गाव मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व काठावर आहे. ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून ही नदी सतराशेहून अधिक किलोमीटर वाहत जाते आणि बोफर्ट समुद्राला मिळते. मिळण्याआधी ती असंख्य फाट्यांत विभागते. सुमारे 200 किलोमीटर लांबीचा हा त्रिभुज प्रदेश आर्क्टिकमध्ये लेना नदीच्या खालोखाल मोठा मानला जातो. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि सारी गंमत या दिशेत आहे. वसंतात तिच्या वरच्या भागातला बर्फ आधी फुटतो, मुखाकडचा तसाच गोठलेला असतो. वरून आलेले पाणी आणि हिमखंड खाली अडतात, पाणी तुंबते, आणि मे-जूनमध्ये ते काठ ओलांडून पसरते. या पुरातून गाळ येतो, काठ उंचावतात आणि चाळीस हजारांहून अधिक लहानमोठ्या तळ्यांपैकी अनेकांना नवे पाणी मिळते. हा पूर एखाद्या वर्षी येणारी आपत्ती नव्हे. हा प्रदेश घडवणारी ती दरसालची रीत आहे.

पाण्याच्या या वावरामुळे तिथली गोठलेली भूमी सलग नसते. तळे पुरेसे खोल असेल तर हिवाळ्यात ते तळापर्यंत गोठत नाही. त्याच्या तळाशी ऊब राहते आणि तिच्याखालची जमीन वितळलेलीच राहते. अशा न गोठलेल्या भागाला 'तालिक' म्हणतात. पूर्वेकडच्या उंच भूमीत पर्माफ्रॉस्ट पाचशे मीटरांहूनही जाड आहे; त्रिभुज प्रदेशात मात्र तो बहुतेक ठिकाणी शंभर मीटरांच्या आत. नदी आणि तळी यांनी तो खालून पोखरलेला असतो. याउलट एखादे तळे आटले, तर त्याच्याखालची ओली जमीन सर्व बाजूंनी गोठत येते, मधल्या पाण्यावर दाब येतो, ते वर चढून गोठते आणि आटलेल्या तळ्याच्या जागी पोटात बर्फ असलेली टेकडी उभी राहते. तिला 'पिंगो' म्हणतात. टुक्टोयाक्टुक या किनाऱ्यावरच्या वस्तीजवळचा इब्युक पिंगो 49 मीटर उंच आहे. जे. रॉस मॅके या भूगोलज्ञाने आयुष्य या भूमीच्या अभ्यासात घालवले. 1978 साली त्यांनी इलिसार्विक नावाचे एक तळे मुद्दाम रिकामे करवले. उद्देश एवढाच, की उघडी पडलेली जमीन कशी गोठत जाते ते पहिल्या दिवसापासून पाहता यावे.

हे वाचत असताना आम्हाला आमच्या चाळीची विहीर आठवत राहिली. फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, बोरभाट, मुगभाट ही नावे बागाशेतांची आहेत. मलबार टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या सखल भूमीत पाणी फार खोल नव्हते आणि घरोघरी विहिरी होत्या. मुंबईतल्या हिवतापावर डॉ. बेंटली यांचा अहवाल 1911 साली आला. शहरातल्या विहिरींत डास वाढतात असे त्यात दाखवून दिले होते. पुढे कित्येक विहिरी झाकल्या वा बुजवल्या गेल्या. आमची आजोबांच्या हयातीत बुजली. वर फरशी आली, आणि तिथेच गणपतीचा मांडव पडू लागला. पण दर पावसाळ्यात त्या ठिकाणची फरशी बोटभर खचते. बुजवलेले पाणी आपली जागा विसरत नाही. आत्या त्या कोपऱ्याला अजूनही 'विहिरीवर' असेच म्हणते: "मुलं विहिरीवर खेळतायत."

अशा भूमीवर घर बांधायचे कसे? घराची ऊब जमिनीत उतरली तर जमीन वितळून खचणार. म्हणून इनुविकमध्ये इमारती खांबांवर उचललेल्या असतात. खालून गार वारा वाहता ठेवतात. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ पुरत नाहीत. ते उबदार पेटाऱ्यांतून जमिनीच्या वर, घरामागून घराकडे नेलेले असतात. भाचीने छायाचित्र पाठवले तेव्हा आम्हाला हसू आले: चाळीच्या मागल्या भिंतीवरचे नळच जणू आडवे होऊन गावभर निघाले होते. इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारे 138 किलोमीटरचा रस्ता 2017 साली खुला झाला. तो करताना जमीन खणली नाही. गोठलेल्या जमिनीवर जाड कापड अंथरून वर खडीचा भराव घातला. कारण त्या भूमीला जे काही सांभाळते ते तिच्या वरचे शेवाळ आणि कुजलेल्या वनस्पतींचा पातळ थर. उन्हाळ्याची ऊब तो अडवतो. तो खरवडला, की खालचे शतकांचे गोठणे सुटू लागते.

इनुविक हे गाव मुळात एका पुनर्वसनातून जन्मले आहे, हे भाचीने सर्वांत शेवटी सांगितले. त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम भागात, पील फाट्यावर अक्लाविक नावाचे जुने गाव होते. 1912 साली तिथे व्यापारी ठाणे आले; पुढे मिशन, शाळा, इस्पितळ आले; इनुव्हियालुइट आणि ग्विचिन हे तिथले मूळ लोक. गाव बर्फाने भरलेल्या गाळावर होते. पूर येई, काठ ढासळे, विमानतळाला जागा नव्हती. 1953 साली सरकारने गाव हलवायचे ठरवले, पूर्वेकडे उंच जागा निवडली आणि नवे गाव वसवले; 1958 साली त्याला इनुविक हे नाव मिळाले. कचेऱ्या गेल्या, नोकऱ्या गेल्या. अनेक माणसेही गेली, पण सगळी नाही. अक्लाविक आजही आहे. तिथे सहाशेच्या आसपास लोक राहतात. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता होतो. एरवी होडी किंवा विमान. 'मरणाचे नाव काढायचे नाही' अशा अर्थाचे त्या गावाचे ब्रीदवाक्य आहे.

ही कथा आम्ही आत्याला सांगितली, आणि सांगताना आमचा पक्ष नकळत ठरून गेला होता: न हललेल्यांचा. चाळीत राहणाऱ्याला आणि साहित्य वाचणाऱ्याला हा पक्ष फार सोपा जातो. आत्याने मात्र वेगळेच विचारले. "मग त्यांच्याकडे पूर यायचा थांबला का?" नाही थांबला. अभियंते चुकले नव्हते. त्यांनी जमिनीला विचारलेला प्रश्न होता, ही इमारत पेलेल का. आणि उत्तर प्रामाणिक होते. राहिलेल्यांचा प्रश्न निराळा होता. त्रिभुज प्रदेशातल्या तळ्यांत मस्क्रॅट धरून, मासे मारून जे जगत होते, त्यांची जमीन इमारतीखाली नव्हती. ती आजूबाजूच्या पाण्यात पसरलेली होती. उंच, कोरड्या, सुरक्षित जागी ती सोबत नेता येणार नव्हती. दोन्ही पक्ष 'जमीन' हा एकच शब्द वापरत होते, आणि दोघांचेही खरे होते.

आमच्या घरातही तेच चालले आहे. तुळया वाळवीने पोकळ झाल्या आहेत. जिन्याच्या भिंतीवरच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती; भेग वाढते का हे कळावे म्हणून. ती गेल्या वर्षी तडकली. 2025 च्या ऑक्टोबरपासून गिरगावच्या पोटातून मेट्रो धावते. तिचा कंप जाणवतो असे काही जण म्हणतात, आम्हाला जाणवत नाही. आत्याची जमीन चाळीखाली नाही. बालाजीच्या देवळातली घंटा, पाणी येण्याची वेळ, औषधाची चिठ्ठी न पाहता गोळ्या देणारा दुकानदार या सगळ्यांत ती आहे. हे शेवाळ आहे. कोणत्याही करारात ते 'कायमस्वरूपी' म्हणून लिहिता येत नाही, आणि संक्रमण शिबिरात न्यायचे म्हटले तर आधी खरवडावे लागते.

तिकडेही आता 'राहणे' सोपे उरलेले नाही. 1970 नंतर त्या भागातल्या गोठलेल्या भूमीचे तापमान वाढत आले आहे. टुक्टोयाक्टुकचा किनारा समुद्र खातो आहे; काही घरे काठावरून आत न्यावी लागली. उत्तरेकडच्या या सगळ्या भूमीत मिळून वातावरणात आहे त्याच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे. त्यातला जितका सुटेल तितकी ऊब वाढेल, आणि वाढत्या समुद्राचा हिशेब आमच्या चौपाटीलाही चुकणार नाही. टिळकांनी ध्रुवप्रदेश आमचे जुने घर ठरवला. ते खरे नसेल. त्या भूमीचे आणि आमचे नाते मात्र खरे आहे, आणि ते भूतकाळातले नाही.

आम्ही संमतिपत्रावर सही केली. भेग पाहून केली. आनंदाने केली असे म्हणवत नाही. आत्याने अजून केलेली नाही, आणि आम्ही आग्रह धरलेला नाही. तिचा कागद कपाटात टिळकांच्या ग्रंथाशेजारी ठेवलेला आहे. श्रावणात विहिरीवरची फरशी यंदाही खचली. दरवर्षीप्रमाणे मुलांनी चार पाट्या खडी आणली, फरशा उचलून खाली पसरली, आणि आत्या खुर्ची टाकून समोर बसली. "डावीकडे अजून एक पाटी लागेल," ती म्हणाली. तिचे बरोबर होते. मांडव गणपतीच्या आधी उभा राहिला.