खोडलेलें कलम

गेल्या दिवाळींत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. संगणकाचे प्रोग्राम लिहिणें हा त्याचा व्यवसाय. आणि वैद्याला जसा जो तो माणूस रोगी दिसतो, तशी दुसऱ्याची कोणतीहि अडचण पाहिली कीं तिच्यावर एखादा प्रोग्राम लिहून टाकावा अशी त्याला खोड आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर मी नेहमींप्रमाणें माझ्या टेबलाशीं बसलों होतों. तो पाठीमागें उभा राहून बराच वेळ माझी धडपड पाहत होता. शेवटीं न राहवून तो म्हणाला, "मामा, या प्रोग्रामशीं तुम्ही भांडतां किती आणि गाणें करतां किती? एक करा. तुम्हांला कसा प्रोग्राम हवा त्याची यादी करून ठेवा. संक्रांतीपर्यंत मी तो लिहून देतों."

मनाजोगी वस्तु करून मिळण्याचे योग माणसाच्या आयुष्यांत फार थोडे. आपला सदरा शिंप्याच्या मनाजोगा होतो आणि आपलें घर गवंड्याच्या! असें असतां, रोज रात्रीं ज्या वहीशीं माझा संसार चालतो ती वही माझ्या सांगण्याप्रमाणें कोणी बांधून देणार, या कल्पनेनें मला त्या रात्रीं नीट झोंप आली नाहीं.

ज्या वाचकांना माझ्या या छंदाची ओळख नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. घरगुती संगणक आणि खेळांचीं यंत्रें जेव्हां नवीं होतीं, तेव्हां त्यांत आवाज काढण्यासाठीं एक लहानशी चिप बसवीत. १९८२ सालच्या कमोडोर ६४ मधल्या चिपला एका वेळीं तीनच आवाज काढतां येत. १९८३ सालीं जपानांत निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमला पांच, आणि १९८५ च्या अमिगाला चार. असल्या तुटपुंज्या सामग्रीवर रचलेलें संगीत म्हणजे चिपट्यून, आणि तें ज्या वहींत लिहावयाचें ती वही म्हणजे ट्रॅकर. १९८७ सालीं कार्स्टन ओबार्स्की या जर्मन गृहस्थानें अमिगासाठीं 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' हा प्रोग्राम केला, तेव्हांपासून या वहीचें रूप ठरून गेलें. पाश्चात्यांची स्वरलिपि डावीकडून उजवीकडे धांवते. ही वही वाण्याच्या खतावणीसारखी वरून खालीं उतरते. प्रत्येक आवाजाला एक उभा रकाना. प्रत्येक ओळ म्हणजे काळाचा एक लहानसा तुकडा. त्या ओळींत स्वराचें नांव, वाद्याचा क्रमांक आणि शेवटीं एखादी आज्ञा: स्वर घसरव, कांपव, मंद कर. अशा ६४ ओळींचें एक पान, आणि पानें एकापुढें एक लावलीं कीं झालें गाणें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मी कागद घेऊन बसलों. पहिलें कलम तालाचें. ६४ ओळींचें तें पान आमच्या त्रितालासाठींच जणूं बेतलेलें आहे. एका मात्रेला चार ओळी दिल्या कीं सोळा मात्रा बरोबर पुऱ्या होतात. परंतु झपतालाला लागतात ४० ओळी आणि रूपकाला २८. जुन्या ट्रॅकरांत अशा वेळीं एक आज्ञा लिहून पान मध्येंच तोडावें लागे. पुढच्या प्रोग्रामांनीं पान हवें तेवढें आंखण्याची सोय केली हें खरें; पण डोळ्याला वाट सांपडावी म्हणून ज्या ओळी रंगवितात त्या बहुतेक ठिकाणीं सारख्या अंतरावरच्या, दर चौथी किंवा दर आठवी. रूपकाचे विभाग तर तीन, दोन, दोन! पंडित भातखंड्यांच्या पुस्तकांत सम, टाळी व खाली यांच्या खुणा स्वरांखालीं मांडलेल्या असतात, आणि ती खूण पाहतांच बोट आपोआप थबकतें. तशी खूण माझ्या वहींत असावी, असें मीं लिहिलें.

दुसरें कलम आंकड्यांचें. या वहींत मोजणी सोळाच्या पायानें चालते; नवानंतर दहा येत नाहीं, ए येतो, आणि एफ संपल्यावर जो दहा दिसतो तो वस्तुतः सोळा असतो. अमिगाच्या वहींत आवाज पूर्ण मोठा करावयाचा म्हणजे ४० लिहावयाचें आणि त्याचा अर्थ ६४ समजावयाचा. मला त्याची संवय झाली आहे; पण नव्यानें येणाऱ्या मुलाला दाराशींच पाढे म्हणावयास लावणें हें कांहीं आदरातिथ्य नव्हे. ज्याला साधे आंकडे हवेत त्याला ते दिसावेत.

तिसरें कलम गंधाराचें. ट्रॅकरची सप्तकें पेटीप्रमाणें बारा समान भागांत कापलेलीं असतात. तानपुऱ्याच्या खर्जांतून आपोआप उमटणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षां सुमारें १४ सेंटनीं, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्शानें, उतरलेला असतो. हा हिस्सा फार लहान, पण भूपाची सगळी शांति त्यांत राहते. म्हणून प्रत्येक स्वर ज्याचा त्याला मिळवून घेतां यावा. पुढें चुकलेलें मागें घेण्याची सोय, दर पांच मिनिटांनीं काम आपोआप जपून ठेवण्याची सोय, प्रत्येक आज्ञेचा अर्थ खालच्या पट्टींत मराठींत दाखविण्याची सोय, असें करतां करतां संध्याकाळपर्यंत तेवीस कलमें झालीं.

चोविसावें कलम मीं मोठ्या अक्षरांत लिहिलें: "आवाज हवे तितके असावेत." लिहिलें, आणि हात थांबला.

चिपट्यूनच्या पुष्कळशा युक्त्या आवाजांच्या तुटवड्यांतून जन्मल्या आहेत. तीन स्वर एकदम हवेत आणि आवाज तर एकच शिल्लक. तेव्हां ते तीन स्वर त्या एकाच आवाजाकडून आळीपाळीनें, एका सेकंदांत पन्नास वेळां बदलून वाजवून घ्यावयाचे. कानाला तो एक चमकणारा स्वरसंघ वाटतो. फॅमिकॉमच्या त्रिकोणी लहरीच्या आवाजाला लहानमोठें होणें ठाऊकच नाहीं. तो एक तर असतो किंवा नसतो. पण त्याचाच सूर क्षणार्धांत वरून खालीं ओढला कीं मृदंगावर थाप पडल्यासारखें वाटतें. हवे तितके आवाज मिळाले तर या युक्त्या कोण कशाला करील?

हा तर्क मी अनुभवावांचून करीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका मित्राच्या आग्रहावरून, ज्यांत शेकडों आवाज मांडतां येतात अशा एका प्रोग्रामवर मीं तीन महिने घालविले. रोज रात्रीं चाल जरा पोकळ वाटे आणि रोज रात्रीं मी एक आवाज वाढवीं. तीन महिन्यांनीं एकेक आवाज बंद करून पाहिलें, तों खालीं चाल म्हणून कांहीं उरलेलेंच नव्हतें. चार आवाजांत अशी लबाडी चालत नाहीं. चाल भिकार असली तर ती पहिल्या पानावरच तसें सांगते.

म्हणजे माझ्या यादींत दोन जातींचीं कलमें एकत्र झालीं होतीं. पान तोडण्याची यातायात, सोळाचे पाढे, चुकून पुसलेली ओळ परत न मिळणें या नुसत्या अडचणी. त्या गेल्यानें गाण्याचें कांहींच बिघडत नाहीं. चार आवाज ही अडचण नव्हे; ती शेताची बांधबंदिस्ती आहे. मीं चोविसावें कलम खोडलें.

पण खोडलेल्या जागीं जें लिहावयाचें तें मला आधींच सुचावयास हवें होतें.

माझी आई तांदूळ निवडतांना एक ओवीची चाल गुणगुणत असे. जातें घरांतून केव्हांच गेलें होतें. चाल मात्र राहिली होती. तिच्या अखेरच्या आजारांत, २००४ सालीं, मीं ती चार आवाजांत बसविली आणि तिला ऐकविली. ऐकून ती म्हणाली, "चाल माझी आहे रे, पण ही म्हणणारी कोणी तरणी बाई दिसते." मीं तिसऱ्या रकान्यांत कंपाची आज्ञा घातली. त्या आज्ञेपुढें दोन आंकडे असतात, एक कंपाच्या वेगाचा व दुसरा त्याच्या खोलीचा. दोन संध्याकाळ ते आंकडे मी बदलीत होतों आणि ती मान हलवीत होती. तिसऱ्या संध्याकाळीं ती हंसली आणि म्हणाली, "हं, आतां मी."

ज्या प्रोग्रामवर तें काम झालें त्याची पुढें नवी आवृत्ति निघाली. तींत आईची फाईल उघडते, स्वर सगळे जागच्या जागीं असतात, आंकडेहि तेच. पण कंपाची खोली मोजण्याची रीत बदललेली असल्यामुळें भलतीच कोणी बाई रडत असल्यासारखें ऐकूं येतें. जुनी आवृत्ति माझ्या जुन्या संगणकावर तेवढी आहे. त्याचा पंखा आतां खडखडतो. वर्षांतून एकदां, तिच्या तिथीला, मी तो सुरू करतों, आणि सुरू होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. ध्वनिमुद्रण करून ठेवलें आहे. पण तें छायाचित्रासारखें. त्यांत आई दिसते, तिचा हात हातांत घेतां येत नाहीं. कोणत्या ओळीवर स्वर कांपला आणि किती, हें वहींतच वाचावयास मिळतें.

यांत अपरिहार्य असें कांहीं नाहीं. अमिगावर १९८७ नंतर लिहिलेल्या कितीतरी फायली आजहि वाजतात. कारण त्यांची मांडणी सोपी व सर्वांना ठाऊक असलेली, आणि वाद्यांचे नमुने शिदोरीसारखे फायलींतच बांधलेले. म्हणून चोविसाव्या जागीं मीं लिहिलें: "आज लिहिलेली ओळ पन्नास वर्षांनीं आजच्यासारखीच वाजली पाहिजे." मग त्याच्यापुढें कंसांत एकचा आंकडा घातला.

रात्रीं भाच्यानें यादी वाचली. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "मामा, सगळ्यांत सोपें कलम हेंच होतें आणि नेमकें हेंच खोडलेंत! आणि पहिला क्रमांक दिलात त्याचें काय करूं? पन्नास वर्षांनीं मी कुठें आणि माझा प्रोग्राम कुठें!" मीं त्याला आजीची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "असें करतां येईल. कोणत्या आज्ञेचा नेमका अर्थ काय, हें साध्या भाषेंत लिहून प्रत्येक फायलीच्या पोटांतच ठेवूं. मी नसलों तरी दुसरा कोणीतरी ती वाचून वाजवील."

त्यानें आग्रह धरला म्हणून तिथि नसतांहि आम्हीं जुना संगणक सुरू केला. पंखा बराच वेळ कुरकुरला, पण पान उघडलें. चाल संपेपर्यंत तो कांहीं बोलला नाहीं. मग पडद्याशीं वांकून त्यानें विचारलें, "यांत आजी कुठें आहे?"

मीं तिसऱ्या रकान्यांतल्या ओळी दाखविल्या. त्यानें माझ्या यादीचा कागद पालथा केला, पेन्सिल मागून घेतली, आणि पहिल्या ओळीपासून सगळे आंकडे उतरून घ्यावयास सुरुवात केली.